चिंचोके

मिरजेच्या आमच्या मैदानाला फाटक एकच.
तिथं मी बसतो, मांडीवर पितळी डबा.
दहा माणसं आत गेली की एक चिंचोका डब्यात.
बापाची पद्धत. पावत्यांत घोळ होतो,
पोरं कुंपणावरून उड्या टाकतात,
मी कुंपणावरची पण धरतो.

एरवी दिवसभर सतारीचे भोपळे कोरतो.
आमच्या कामात भोपळा फुटला की महिना बुडाला,
आणि रविवारी तोच फुटावा म्हणून
गळ्याच्या शिरा ताणायच्या.
एकाच तोंडानं दोन नवस.

संगम क्लबाचा भोपळा त्या साली
सात मॅच झाल्या तरी फुटला नव्हता.
चाळीस चिंचोके. कधी अडतीस.
गोलकीपर सिद्राम रेल्वेत पॉइंट्समन,
ड्युटी लागली की त्याचा मेव्हणा उभा राहायचा.
चाळीस चिंचोक्यांत काय येतं?
दोन बॉल, चुन्याची पोती, लिंबं,
पंचाचा वडापाव.

मग हळद चढली.
सांगलीच्या पेठेत सौदा बोलला तसा
पायगोंडा शेठ मैदानात उतरला,
पांढऱ्या गाडीतून, पिवळ्या नखांनी.
म्हणाला, किती पाहिजेत?
आम्ही बॉल सांगितले.
तो माणसांचं विचारत होता.

गोव्याचा एक आला, मणिपूरचे दोघे.
वखारभागाचा सेंटर फॉरवर्ड रात्रीतून आमचा झाला,
त्याच्या आईला कळायच्या आत.
सिद्राम बाकावर बसला.
नंतर बाकावरही नाही.

चिंचोके साठ. एकशेदहा.
फायनलला तीनशे चार,
डबा पुरेना, टोपीत टाकले.
लोक म्हणत, गर्दीनं संघ उभा राहतो.
शेठ म्हणे, पैशानं गर्दी उभी राहते.
मी वही दोन्हीकडनं वाचून बघितली,
उर्दूसारखी उजवीकडनं, मराठीसारखी डावीकडनं.
आधी काय आलं ते तारखांवरनं कळलं असतं,
पण तारखा मी तेव्हा लिहीत नव्हतो.

शेठची गाडी थेट आत जायची,
निळ्या कापडाच्या टेबलापर्यंत.
फाटकातनं तो कधी आलाच नाही,
म्हणून माझ्या मोजणीत तो नव्हता.

कप आला. गुलाल नाही,
हळद उधळली, पोत्यानं, शेठच्याच वखारीतली.
दोन दिवस न्हाणीतनं पिवळं पाणी वाहत होतं.

ती उतरली तेव्हा कुणी ओरडलं नाही.
पेठेतलं उतरणं रुमालाखालचं असतं,
बोटं दाबतात, चेहरे तसेच.
मणिपूरचे दोघे पहाटेच्या गाडीनं गेले.
त्या गाडीला रूळ बदलून दिला
सिद्रामनं.

पुढच्या हंगामात पहिल्या मॅचला नऊ चिंचोके.
वखारभागाला आता शीतगृहाचा चेअरमन मिळाला होता.
सहा गोल खाल्ले. सिद्राम बेचाळीसचा, गुडघ्याला पट्टी.
नव्वदातली निम्मी माणसं
घरी जाताना त्याला शिव्या घालत होती,
आणि पुढल्या रविवारी परत आली.
यात मोठं काही नाही.
रविवारचं दुसरं कुठं जाणार?

डिसेंबरात कधीतरी शेठ चालत आला.
फाटकाशी थांबला, पाचशेची नोट काढली.
माझ्याकडं सुट्टे नव्हते.
म्हटलं, राहू द्या, या आत.
म्हणाला, नाही, तिकीट फाड.
मागचं एक पोरगं दहाची नोट पुढं करत हसलं,
शेठ, आज तुमचं मी भरतो.

त्याच्या आधी नऊ गेले होते.
मी चिंचोका उचलला, जरा वेळ धरून ठेवला.
शेठ त्याच्याकडं बघत होता,
भाव फुटायच्या आधी बघतात तसा.
मग सोडला. डबा टण्ण वाजला.

त्या दिवशीही आमचा भोपळा काही फुटला नाही.
दुकानात एक वाळतोय, छताला टांगलेला.
गोल चांगला आहे, सतारीला चालेल.
अजून चार महिने लागतील.